दुधाला मीठ

आखाताच्या किनाऱ्यावर, मीना अब्दुल्ला बंदरातल्या त्या बंगल्यात सकाळ पांढरीच उजाडायची. खिडकीबाहेर समुद्र आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसून गेलेली असे, आणि तेल भरायला आलेली जहाजं पाण्यावर नव्हे, हवेत टांगल्यासारखी दिसत. आत एअर कंडिशनरचा गारवा, त्याची एकसुरी घरघर, आणि गॅसच्या शेगडीपुढे झुलेखा. रात्रभर तान्हीला पाजून अर्धी जागी, अर्धी झोपेत. तिच्या पुढ्यातल्या खोलगट लोखंडी तव्यातही एक पांढरा समुद्र हळूहळू दाटत असे.

ओपल मॅडम त्याला ग्रेव्ही म्हणायची. मॅडम ओक्लाहोमाची, तिचा नवरा नव्या रिफायनरीत इंजिनिअर. साहेबाला सकाळी सहाला गरम बिस्किटं आणि त्यांवर दुधाची ग्रेव्ही लागे. बिस्किटं म्हणजे चहात बुडवायची नव्हेत. मऊ, जाड, पावाची धाकटी भावंडं. आणि ग्रेव्ही म्हणजे काय, हे झुलेखाला पहिले दोन दिवस उमगलंच नव्हतं. बाणकोटच्या खाडीकाठी ती लहानाची मोठी झाली. तिथे कालवणाला हळद लागते, तिखट लागतं, आंबट लागतं. इथे नुसतं लोणी किंवा कोंबडी तळलेली चरबी घ्यायची, त्यात मैदा परतायचा, तो ओल्या रेतीच्या रंगावर आला की गार दूध थोडं थोडं ओतायचं आणि चमचा थांबवायचा नाही. थांबला की गुठळ्या. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली की झालं. मग मीठ, आणि भरपूर काळी मिरी.

नोकरी धरताना तिच्या नवऱ्याने, यूनुसने, एकच अट घातली होती: डुकराचं काही तिच्या हाताला लागता कामा नये. मॅडमने ती पाळली. डब्यातलं बेकन ती स्वतः, वेगळ्या तव्यात, दार लावून भाजायची.

यूनुस मीना अल-अहमदीच्या बंदरात लाँचचं सुकाणू धरणारा सुखाणी होता. ग्रेव्हीची कृती त्याने नीट ऐकून घेतली आणि पोट धरून हसला.

"अगो, चरबी नि पांढरी भुकटी? ही तर गलबताच्या बुडाला लावायची चुना-चरबी! तुझ्या साहेबाच्या पोटाला कीड लागायची नाय कधी."

"हसा तुमी. चाखलात तर कळंल."

"तू चाखलीस?"

झुलेखाने चाखली नव्हती. खरं तर तिने ती कधी पुरी केलीच नव्हती. पहिले पंधरा दिवस तिने सगळं केलं, फक्त मीठ घातलं नाही. तिच्या गावात दुधाच्या भांड्याला मिठाचा हात लावत नसत. दुधाला मीठ लागलं तर म्हैस आटते, आणि पाजणाऱ्या बाईने लावलं तर ती बाई आटते, हे तिने अक्षरं शिकण्याआधी ऐकलं होतं. आणि शेजारच्या कपडे धुण्याच्या खोलीत, टोपलीत, तिची चार महिन्यांची असमा निजलेली असे. म्हणून ग्रेव्ही दाटली की ती आच बंद करी आणि मिठाची बाटली दोन्ही हातांनी मॅडमपुढे धरी. मॅडमला वाटे, ही हिंदुस्थानी रीत असेल, शेवटचा मान घरच्या बाईचा. ती हसून मीठ शिंपडी आणि "थँक यू, हनी" म्हणे.

जून लागला आणि ओपल मॅडम सकाळी उठेनाशी झाली. "मीठमिरी तूच घालत जा," म्हणाली आणि झोपायच्या खोलीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सहाला पाच मिनिटं कमी असताना झुलेखाने बिस्मिल्ला म्हणून चिमूट सोडली आणि दूध फाटायची वाट बघत उभी राहिली. मनातल्या मनात तेहतीस वेळा सुबहानल्ला म्हटलं. दूध फाटलं नाही. तिने आच वाढवली, पुन्हा तेहतीस. तरी नाही. पांढऱ्यावर मिरीचे काळे ठिपके, दूरच्या पाण्यावर बसलेल्या पाखरांसारखे, सावकाश फिरत राहिले. तिला सुटल्यासारखं वाटलं नाही, नवल वाटलं. मैद्याने दुधाला असं कोणतं चिलखत घातलं, की मिठाचं काही चालेना? पण दूध तव्यातलं फाटलं नाही म्हणजे अंगातलं आटणार नाही, असं थोडंच होतं?

आणि ते आटू लागलं.

असमा ओढायची, सोडायची, लाल होऊन रडायची. पंधरा दिवसांत तिच्या मनगटावरची वळी उतरली. रात्री झुलेखा भिंतीला टेकून बसे आणि डोळा लागे न लागे तोच तिला दिसे: मीना अब्दुल्लाच्या धक्क्यावरच्या पाइपांतून तेल नव्हे, दूध वाहतंय, जहाजं पिऊन पिऊन जड होतायत, पाण्यात खाली खाली बसतायत, आणि मागची जमीन वाळून चालली आहे, तिला भेगा पडतायत. ती दचकून उठे. असमा रडत असे.

फहाहील गावात त्यांच्या दोन खोल्यांना लागून नूरुद्दीन सारंगाचं घर होतं. त्याची बायको फखरुन्निसा खाला. कोकणातून आलेल्या घराघरांतली बाळंतपणं तिच्या हातून व्हायची. असमालाही तिनेच जगात आणलं होतं. खाला आली, तिने पोरीची मान, पोट, तळवे दाबून पाहिले आणि झुलेखाकडे वळली.

"काय खाल्लंस? कुणाच्या घरी गेलीस? कुणी बघितलं पाजताना?"

"कुणी नाय, खाला."

"मग काय केलंस ते सांग. दूध उगाच जात नाय."

झुलेखाने मान खाली घालून ग्रेव्हीचं सांगितलं.

"मीठ? दुधात? तुझ्या हातानं?" खालाने दोन्ही गालांवर बोटं ठेवली. "तौबा गो, तौबा! दुधात मिठाचा खडा लोक म्हणीत घालतात, तू खरोखरचा घातलास! तो पण रोज!"

"नोकरीच ती. नि नारळाच्या दुधात आपण घालतोच की."

"नारळाला काय थान हाय गो?"

खालाने उंबऱ्यात उभ्या यूनुसला सांगून टाकलं: पोरीला आणि आईला आगबोटीने गावी धाड, गावच्या हवेत दूध उतरेल. एक बुधवार सोडून पुढच्याला मुंबईची बोट होती. बोटीची तिकिटं नूरुद्दीन बघायचा; त्याला सांगितलं की बोटीआधीच्या रविवारी यादीत नावं लागणार.

तीन वर्षं यूनुस इथे एकटा राहिला होता. झुलेखाला आणून अजून वर्ष झालं नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने चुना-चरबीची थट्टा केली नाही. असमाला खांद्यावर घेऊन तो दारात येरझारा घालत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "बघू. पोर जगली पायजे. बाकी मग."

सोमवारी मीना अब्दुल्लात गोड्या पाण्याची गाडी आली नाही. बंगल्याचा नळ खोकला, थोडं तांबूस पाणी थुंकला आणि थांबला. स्वयंपाकघरात भांड्यात उरलेलं पाणी झुलेखाने मोजलं: चार पेले. ग्रेव्हीचं दूध ती रोज भुकटीचं करायची, दोन पेले भुकटीला आठ पेले पाणी. भुकटीचा डबा सकाळीच फोडलेला, काठोकाठ भरलेला होता. तरी त्या दिवशी दूध निम्मंच झालं. भुकटी कितीही असो; पाणी नाही तर दूध नाही.

चमचा फिरवता फिरवता ती थबकली. गुठळी झाली, तिचं लक्ष नव्हतं.

पहाटे फहाहीलच्या नाक्यावर पिकअप येते, त्याआधी ती एक कप चहा घेते. मग दुपारच्या, जोहरच्या नमाजाला घरी परतेपर्यंत काही नाही. पाण्याचा घोट नाही. बंगल्यातल्या गारव्यात तहान लागल्याचं कळतच नव्हतं. आणि न पिण्याला कारण होतं, जे तिने यूनुसलाही सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मॅडमने दाखवलेल्या न्हाणीघरात ती गेली होती. गुळगुळीत गुलाबी बैठक, भिंतीला कागदाची गुंडाळी, आणि तांब्या नाही, बादली नाही, काही नाही. दाराच्या पलीकडे चार पावलांवर साहेब वर्तमानपत्र वाचत बसलेला. ती तशीच बाहेर आली. मग ठरवूनच टाकलं: प्यायचं नाही, म्हणजे जायचं नाही. पहिले पंधरा दिवस ते निभलं होतं; मग जूनचं ऊन चढलं, आणि मीठही तेव्हाच आलं.

म्हणजे मीठही आणि तहानही. दोन्ही एकाच घरातली, एकाच वेळची. त्यातलं चोर कोण?

झुलेखाला मोजायची सवय होती. घरी गेल्यावर तिने दोरीकडे पाहिलं. पहाटेपासून सूर्यास्ताच्या मगरिबपर्यंत असमाचे ओले लंगोट किती होतात, हे तिला न मोजताही ठाऊक होतं. रोज धुवून वाळत तीच घालायची. मॅडमकडे जायच्या दिवशी सहा. जुम्याला, शुक्रवारी सुटीच्या दिवशी, अकरा. जुम्याला ती घरी असते, माठ हाताशी असतो, दहादा पाणी पिते.

हे तिने खालाला सांगितलं, तेव्हा खालाने विजयाने मान हलवली. "बघ! जुम्याला तू मिठाला हात लावत नाय दुधाच्या. मी काय सांगत होते?"

खालाचं चूक नव्हतं. जुम्याला पाणी असतं आणि खारं दूध नसतं. दोन गाठी एकात एक अडकलेल्या. एक सोडवायची तर दुसरी जागच्या जागी ठेवायला हवी. त्या रात्री झुलेखाला पाइपांचं स्वप्न पडलं नाही. ती जागीच होती. घरी, जुम्याच्या दिवशी, माठ भरून पाणी प्यायचं आणि दुधाला मीठ लावायचं. जाणूनबुजून. अकराचे सहा झाले, तर खालाचं खरं आणि बुधवारची बोट खरी. नाही झाले, तर...

पण झाले तर? एक दिवसाचं दूध जाईल की कायमचं? नोकरीच्या नाइलाजाने घातलेलं मीठ वेगळं. हे तर पोटच्या पोरीच्या वाट्यावर आपल्या हाताने टाकलेलं.

गुरुवारी तिने यूनुसला सांगितलं.

"खालाला कळलं तर आपलं पाणी बंद करील ती," म्हणाला.

"बंद करू नये म्हणून तर मोजतेय."

तो हसला नाही, पण सकाळी मशिदीत जाण्याआधी माठ काठापर्यंत भरून गेला.

जुम्याच्या सकाळी झुलेखाने घासलेटच्या स्टोव्हवर लोणी वितळवलं, मैदा परतला, दूध ओतलं. घरात तोच वास भरला, साहेबाच्या घरचा, भाजक्या पिठाचा. मग तिने मीठ घेतलं. एअर कंडिशनरची घरघर नव्हती, कोपऱ्यात असमा जागी होती आणि पाय उडवत आईकडे बघत होती. झुलेखाने तिच्याकडे बघत बघतच चिमूट सोडली. एक नव्हे, दोन. मिरी घातली. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने ग्रेव्ही चाखली.

ती वाईट नव्हती. ती कसलीच नव्हती, आणि तरी जिभेवर रेंगाळत होती. मऊ, उबदार, मागाहून मिरीचा चटका. आजारपणातली पेज कुणीतरी लाडाने सजवावी, तशी.

दुपारी जुम्याची नमाज सुटली आणि खाला आत आली. आल्या आल्या तिने नाक वर केलं. भांड्यावरचं झाकण काढलं. आत दाट, पांढरं, वर साय धरलेलं.

"खीर केलीस? आज काय गो, आम्हाला आवातन नाय काय नाय!" आणि झुलेखा "खाला, थांबा" म्हणेपर्यंत मोठा चमचा तोंडात गेला.

खालाचे डोळे मोठे झाले. गाल फुगले. गिळावं की थुंकावं, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने गिळलं, बिस्मिल्ला म्हणून घेतलेला घास टाकायचा कसा?

"मीठ," ती कुजबुजली. मग जोरात, "मीठ! घरात आणलंस ते? पोरीच्या जिवावर उठलीस की काय?"

"मोजतेय, खाला. सकाळपासून पाणी जुम्यासारखंच प्यालेय. फक्त मीठ वेगळं. मगरिबपर्यंत अकरा झाले तर मीठ चोर नाय."

"नि नाय झाले तर?"

"तर बुधवारी मी स्वतः बोटीवर चढते. किटकिट न करता."

खाला पाठ फिरवून निघेल, असं झुलेखाला वाटलं. पण ती खाली बसली. भिंतीला टेकली, पाय पसरले, पानाची पिशवी उघडली.

"बसते मी. तू मोजायचीस नि तूच सांगायचीस, हे चालायचं नाय."

तशा त्या दोघी बसल्या. बाहेर ऊन इतकं पांढरं, की गल्लीतल्या भिंती वितळून वाहतील असं वाटत होतं. वाऱ्याबरोबर बारीक धूळ येई आणि दाराच्या फटीतून आलेल्या उजेडाच्या पट्ट्यात तरंगत राही, परतलेल्या मैद्यासारखी. असमा प्यायली, झोपली, उठली, प्यायली. चार लंगोट. झुलेखा पाण्याचा पेला तोंडाला लावी, तेव्हा खाला पेल्यावर नजर ठेवी. पाच. तिसऱ्या प्रहरी असरची बांग झाली. सहा, सात. दोघींनाही मधूनच डुलकी लागे, आणि त्या डुलकीत कोण कुणाची आई, कोण कुणाची लेक, हे पुसट होई. आठवा लंगोट खालाने स्वतः बदलला, पिळून पाहिला. नववा. ऊन उतरलं. दहा. मगरिबची बांग व्हायच्या जरा आधी अकरावा.

यूनुस दारातून दोरीकडे बघत उभा होता. त्याने बोटांनी मोजले. पुन्हा मोजले.

"झाले काय गो?"

"झाले," खाला म्हणाली. तोंड कडू करून. "पण मिठाचा काय भरवसा? सुंठीसारखं लगेच लागत नाय ते. आज घातलेलं उद्या लागंल."

झुलेखाने विचार केला. हे खोटं म्हणता येत नव्हतं. "मग उद्या पण मोजू. पण उद्या मी मॅडमकडे असणार. तिथे पाणी नाय प्याले नि सहा झाले, तर ते मिठाचं म्हणायचं की तहानेचं?"

"मग पी की तिथं! कोण तुला नको म्हणतंय?"

झुलेखाने यूनुसकडे पाहिलं, तो बाहेर जाईपर्यंत थांबली आणि खालाच्या कानात गुलाबी बैठकीचं सांगितलं. खाला ऐकत राहिली. मग तिचं पोट हलू लागलं, मग खांदे, आणि मग ती इतकी हसली की पानाचा ठसका लागला.

"कागद? नुसता कागद? नि मी मिठाला शिव्या घालतेय!" तिने डोळे पुसले. "नूरुद्दीनला सांगते, नावं रविवारी नको, सोमवारी लाव. उद्याचं बघू."

शनिवारी पांढऱ्या सकाळी, ग्रेव्ही उतरवून झाल्यावर, झुलेखाने नळाखाली पेला धरला. एक प्याली. तासाभराने दुसरा. तिसऱ्यानंतर तिने भुकटीचा आधीचा रिकामा डबा धुतला, पाण्याने भरला आणि दोन्ही हातांत धरून न्हाणीघराकडे निघाली. साहेब कामावर गेला होता, पण ओपल मॅडम झगा पांघरून, विस्कटलेल्या केसांनी, वाटेतच उभी होती. तिने डब्याकडे पाहिलं, झुलेखाकडे पाहिलं.

झुलेखाचे कान तापले. तिला येत होते ते सगळे शब्द तिने गोळा केले. "मी वॉटर नो ड्रिंक. बाथरूम, नो वॉटर. बेबी, नो मिल्क."

मॅडमच्या कपाळाला हळूहळू आठी पडली आणि मग सुटली. "सगळा वेळ?" तिने विचारलं. "इतके दिवस?" तिने तोंडावर हात ठेवला, मग स्वतःच पुढे होऊन दार उघडलं, दिवा लावला आणि बाजूला झाली. झुलेखा आत गेली. तिने डबा गुळगुळीत फरशीवर ठेवला आणि आतून कडी लावली.

त्या संध्याकाळी खाला नमाजाआधीचे हातपाय धुऊन, वजू करून आली होती, मगरिबला पंधरा मिनिटं होती. दोरीवर दहा लंगोट होते. मॅडमकडून पिशवीतून आलेले पाच, घरचे पाच. यूनुस पायरीवर बसला होता आणि समुद्राकडे बघत असल्याचं दाखवत होता.

"दहा," खाला म्हणाली. "एक कमी हाय."

"अजून वेळ हाय," झुलेखा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. तिने असमाला पाजलं, लंगोट सोडून उघडी केली आणि नवा घडी करायला वळली.

"आण इकडे तिला तंवर," खालाने पोरीला मांडीवर घेतलं, नमाजासाठी नेसलेल्या धुवट साडीवर. असमाने तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं. मग खालाचा चेहरा एकदम बदलला. ती हलली नाही. मांडीवरून उबदार धार गुडघ्यापर्यंत गेली, तिथून चटईवर.

"अल्ला!" खाला ओरडली. "वजू केली, साडी पाक केली, नि हिनं... सगळं नापाक करून ठेवलंन! आता बदलायची कधी, बांग व्हायला आली!"

यूनुस धावत आत आला. "काय झालं?"

"काय झालं विचारतोस? मूत माझ्या मांडीवर!" खाला उठली, ओली साडी दोन बोटांनी धरून दाराकडे निघाली, आणि उंबऱ्यात थांबली. मागे वळली. झुलेखा हातात कोरडा लंगोट घेऊन तशीच उभी होती.

"लंगोटाशिवायचा हाय," खाला म्हणाली. "दोरीवर नाय घालता यायचा."

"नाय, खाला."

बांग सुरू झाली. खालाने ओली निरी झटकली.

"धर तरी. अकरावा."